हरवला की हलवला?

खानदेशच्या १८८०च्या गॅझेटियरात जळगाव तालुका शोधणाऱ्याला तो मिळत नाही. तो हरवलेला नसतो; तिथे तो नशिराबाद या नावाखाली नोंदला आहे. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमधला मेनू दिसेनासा झाला की पहिली शंका बिघाडाची येते, आणि बहुधा तीही अशीच फसवी असते. फाइल, एडिट, व्ह्यू ही ओळ २०११-१२च्या सुमारास ठिकठिकाणी ठरवून उचलली गेली. एप्रिल २०११मध्ये उबुंटूने आपल्या डेस्कटॉपवर युनिटी आणली. तिने मेनू खिडकीतून काढून पडद्याच्या माथ्यावरच्या पट्टीत नेला, तोही माउस तिथवर नेला तरच दिसणारा. केडीईच्या डॉल्फिननेही तो त्याच सुमारास झाकला. सप्टेंबर २०१२च्या ग्नोम ३.६मध्ये नॉटिलस या फाइल मॅनेजरची ओळ कायमची गेली, आणि एफ-३ दाबून खिडकीचे दोन भाग करण्याची सोयही तिच्याबरोबर गेली. हे लिनक्स मिंटवाल्यांना इतकं खटकलं, की त्यांनी नॉटिलसची आधीची आवृत्ती घेऊन निमो नावाचा वेगळा संसार मांडला.

तेव्हा दुरुस्तीला बसताना आधी विचारायचं ते हे, की फाइल मॅनेजर कोणता आणि कोणत्या सालचा. डॉल्फिन आणि थुनारमध्ये कंट्रोल-एम दाबल्यावर ओळ परत येते (चुकून तेच दाबल्याने ती गेलेलीही असू शकते). निमोत ऑल्ट पुरतं. नव्या नॉटिलसमध्ये मात्र सॉफ्टवेअर कितीदा पुन्हा टाकलं तरी उपयोग नाही. लहान पडद्यावर जागा वाचवली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. जागा वाचली हे खरंच. पण ग्नोमने पडद्याच्या वरच्या पट्टीत नेलेला मेनू अनेकांच्या लक्षातच येत नसे, आणि मार्च २०१९च्या ३.३२मध्ये खुद्द ग्नोमनेच तो पुन्हा खिडकीत आणला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कधीकधी खरंच काहीतरी चुकलेलं असतं. उजव्या क्लिकच्या यादीतून नवा दस्तऐवज बनवण्याचा पर्याय नाहीसा होतो, त्याची गोष्ट अशीच. नॉटिलस तो पर्याय टेम्प्लेट्सच्या फोल्डरमध्ये एखादी फाइल असेल तरच दाखवतो. त्या फोल्डरचा पत्ता ‘यूजर-डर्स’ नावाच्या छोट्या फाइलीत लिहिलेला असतो. डेस्कटॉपची भाषा बदलून मराठी केली, की फोल्डरांची नावंही बदलायची का असं विचारलं जातं; पुढे कोणी ते फोल्डर हाताने हलवलं किंवा पुसलं आणि पत्ता जुनाच राहिला, तर पर्याय गायब. इथे दोष पत्त्याचा असतो. तो नीट लिहून त्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल ठेवली, की काम होतं.