राजेसाहेबांची समिती

नाग विदर्भ आंदोलन समिती हे नाव आमच्या कासारवाडीत फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नसेल. आमच्या घरात मात्र ते नात्यातल्या माणसासारखं वावरलं. आईचे वडील, आमचे आबाजी, गडचिरोलीतल्या अहेरीकडचे गोंड. धानाची मळणी उरकली की लेकीकडं महिनाभर राहायला यायचे. लोणावळा लोकल धडधडत गेली की बोलता बोलता थांबायचे आणि ती गेल्यावर अडलं होतं तिथूनच पुढं सुरू.

समिती काढली अहेरीच्या राजे विश्वेश्वररावांनी. वेगळा विदर्भ हवा आणि त्यात जंगलातल्या माणसाचं कुणीतरी ऐकावं, एवढं आबाजींना पुरे होतं. राजे १९७७ साली चंद्रपुरातून लोकसभेवर गेले. पण आबाजींच्या बोलण्यात दिल्ली कधी यायची नाही, यायचा तो अहेरीचा दसरा. राजवाड्यापुढं गावोगावची माणसं, कुणी दोन-दोन दिवस पायी आलेली, पळसाच्या पानात बांधलेला भात आणि जवसाची चटणी.

मग धरणांचं निघायचं. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या पाण्यात गोदावरी-इंद्रावतीकाठचं जंगल जाणार, म्हणून १९८४च्या सुमारास 'जंगल बचाव, मानव बचाव'ची हाक उठली. आदिवासी नेते लालश्याम शहा, बाबा आमटे त्यात होते. राजेही होते, असं आबाजी सांगायचे. आबाजी स्वतः त्या आंदोलनाच्या मोर्च्यात कुठवर चालले, ते मात्र कधी गडचिरोलीपर्यंत असायचं, कधी नुसतं आष्टीपर्यंत. मला आष्टीच खरी वाटते. ती धरणं झाली नाहीत.

१९९५च्या विधानसभेत समितीला २८८पैकी एकच जागा मिळाली. सिरोंचातून राजांचे चिरंजीव सत्यवानराव आत्राम निवडून आले. त्या उन्हाळ्यात आबाजी मोहफुलं घेऊन आले. आईनं ती तव्यावर मंद भाजली, जवसाबरोबर कुटली, लाडू वळले. गोडसर, जरा उग्र वास चाळभर झाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, कशाचे हो? "आमचा आमदार झाला ना बाई!" आबाजी म्हणाले.

समिती राजवाड्याच्या आधारानं उभी होती, हे खरं. पुढं ती विरत गेली. राजांचे नातू अंबरीशराव २०१४ साली भाजपकडून निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. ते पाहायला आबाजी नव्हते. पण एका जागेपुरतं का होईना, अहेरीकडच्या माणसानं आपल्या नावाच्या पक्षाला मत दिलं होतं, आणि त्याची कुठं ओळभरही आठवण निघत नाही याचं मला वाईट वाटतं. गडचिरोलीची पोरं आता भोसरी-चाकणला ठेकेदाराकडं राबायला येतात. त्यांत कुणी अहेरीचं भेटलं, की घरी समितीवालं कोण होतं, हे मी आधी विचारते.