रॅलीची जिप्सी पासिंगला नेताना: आरटीओत नेमकं काय तपासतात?

आधी एक गैरसमज दूर करू. यूट्यूबवर परदेशी रॅलीचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याकडेही प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते. तसं नाही. इंग्लंडमध्ये १९६० पासून एमओटी नावाची टेस्ट आहे, तिथे तीन वर्षांपुढची साधी मोटारही दरवर्षी तपासून घ्यावी लागते. जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षं सूट आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी. आपल्याकडे दरवर्षीचं फिटनेस लागतं ते टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना, तेही गाडी आठ वर्षांची झाल्यावर; त्याआधी दोन वर्षांतून एकदा. खाजगी गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. यालाच आपण ‘पासिंग’ म्हणतो.

म्हणजे खाजगी गाडीसाठी ही परीक्षा क्वचित येते, पण जुन्या गाडीसाठी येते. आणि आपल्याकडे रॅलीत, चिखलात पळणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्याच. मारुती जिप्सीचंच बघा. १९८५ ला आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीचं इंजिन मिळालं आणि २०१९ च्या सुमारास बंद झाली. हलकी, फोर व्हील ड्राइव्ह, मागेपुढे पाटे, कुठल्याही मेस्त्रीला उघडता येणारी. मलेशियात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून भर पावसाळ्यात गोव्यात व्हायला लागली, तेव्हापासून सावंतवाडी-बांदा पट्ट्यातल्या पोरांना जिप्सीचं वेड जरा जास्तच लागलं.

माझ्या मामाची जिप्सी २००९ ची. नोंदणी संपायला दोन महिने उरले तेव्हा त्याने मला फोन केला, कारण ‘ऑनलाइनचं तुला कळतं’. ऑनलाइनचा भाग सगळ्यात सोपा निघाला, म्हणून तो लवकर उरकतो.

फोनवर काय करायचं

एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. वाहन पोर्टलवर नोंदणी नूतनीकरण निवडा, फॉर्म २५ भरा, फी भरा, तपासणीची तारीख घ्या. मोटारीची फी २०२२ पासून ५००० रुपये आहे. २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वाढतात. पैशांपेक्षा मोठी भानगड अशी की मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. जुन्या गाडीला एचएसआरपी पाट्या बसवलेल्या नसतील तर ते काम आधी करा, नाहीतर पुढचं सगळं अडतं.

चासी नंबर: कोकणातली खरी परीक्षा

तपासणीत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने त्याचा छाप घेतात आणि आरसीवरच्या नंबराशी जुळवतात. ऐकायला किती साधं! पण आपल्याकडे चार महिने पाऊस, खारी हवा आणि तांबडी माती. मामाच्या जिप्सीत नंबराच्या जागी गंजाची खपली होती, शेवटचे तीन आकडे दिसतच नव्हते. गॅरेजवाला ग्राइंडर घेऊन आला तेव्हा मी अक्षरशः आडवा पडलो. ग्राइंडर, छिन्नी, जाड पॉलिश पेपर यातलं काहीच तिथे लावायचं नाही. कोरलेला आकडा घासला गेला की तुमची गाडी कागदोपत्री संशयास्पद होते. आम्ही गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी कपड्याने आणि जुन्या टूथब्रशने पुसलं. असं तीन दिवस. शेवटचा आकडा उमटला तेव्हा मामाने चहा मागवला. नंबर खरंच गेला असेल तर आरटीओची परवानगी घेऊन तो पुन्हा पंच करून घेता येतो, पण परवानगी आधी. आता मी दर मे महिन्यात त्या जागेवर ग्रीस लावायची आठवण फोनमध्ये ठेवली आहे.

पीयूसीचं मशीन आणि रॅलीचं इंजिन

इथे आमचं पहिलं विघ्न. जिप्सी बीएस-३, म्हणजे पीयूसी दर सहा महिन्यांनी. बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षभर चालते. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ती धूर मशीनमध्ये ओढते. आत इन्फ्रारेड प्रकाश असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांतला प्रत्येक वायू त्या प्रकाशातला आपापला ठरावीक भाग शोषतो, म्हणून किती प्रकाश पलीकडे पोचला यावरून वायूचं प्रमाण कळतं. आमच्या गाडीची मर्यादा: कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के, हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. गाडीचा फोटो आणि रीडिंग थेट ऑनलाइन चढतं.

आमची गाडी नापास झाली. कारण मामाने दोन वर्षांपूर्वी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवला होता आणि ताकदीसाठी इंधन जरा जास्त सोडायला लावलं होतं. पेट्रोल पूर्ण जळायला साधारण एका भागाला १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की अर्धवट जळतं आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. इंजिन जोरात पळतं, मशीन मात्र लाल दिवा दाखवतं. कन्व्हर्टर माळ्यावर सापडला. तो, मूळ सायलेन्सर आणि नवे प्लग बसवले. इंजिन चांगलं गरम करून गेलो (थंड कन्व्हर्टर काम करत नाही, हे विसरू नका), आणि पास.

काय काढावं लागलं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेली आणि कंपनीने बनवलेली गाडी मालकाला मनाने बदलता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढचं लोखंडी क्रॅश गार्ड केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बेकायदा ठरवलं. त्यामुळे गार्ड, छतावरचे दिवे, बोल्टवर बसवलेली रोल केज हे सगळं निघालं. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, ती होती. रॅलीचे पट्टे काढून मूळ सीटबेल्ट परत लावले.

‘आता काय करूचा? पासिंग झाल्यार परत लावया,’ मामा म्हणाला. मला हे पटत नाही, आणि हा फक्त भाच्याचा शहाणपणा नाही. रोल केज स्पर्धेत जीव वाचवते, पण रोजच्या रस्त्यावर हेल्मेट नसताना तोच पाइप डोक्यात बसतो. आणि साध्या मोटार पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे स्पष्ट वगळलेलं असतं.

अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. रॅलीत एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यानेच जाते, म्हणून ती कायदेशीर लागते. आणि एफएमएससीआयच्या स्क्रुटिनीत सुरक्षेची साधनं नसतील तर स्टार्ट मिळत नाही. ५० वर्षांपुढच्या व्हिंटेज गाड्यांना २०२१ मध्ये वेगळी नोंदणी मिळाली. स्पर्धेच्या गाड्यांना असा वर्ग नाही. माझ्या मते तो हवा.

तपासणीच्या दिवशी झाराप गाठून ६६ नंबरच्या हायवेने ओरोसला गेलो. हॉर्न, वायपर, ब्रेक, इंडिकेटर, पाट्या, छाप, फोटो. वीसेक मिनिटांत झालं. घरी आल्यावर मामाने केज अंगणात ताडपत्रीखाली ठेवली. पुढच्या स्पर्धेला गाडी टेम्पोवर चढवून न्यायची आणि केज तिथेच बसवायची, असं सध्या तरी ठरलंय.