वनस्पती रंगद्रव्यांचे पृथक्करण

वनस्पती रंगद्रव्यांचे पृथक्करण म्हणजे पाने, फुले किंवा फळे यांच्या अर्कातील निरनिराळी रंगद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करून त्यांची ओळख व प्रमाण ठरविण्याची प्रयोगशालेय पद्धत होय. यासाठी प्रामुख्याने वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) वापरतात.

इतिहास
रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे ही पद्धत मांडली. कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क जाऊ दिला असता हिरवे व पिवळे पट्टे वेगळे झाले. ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही ‘रंग’ असाच आहे. पुढे सुमारे पंचवीस वर्षे या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कागदी वर्णलेखन १९४४ मध्ये प्रचारात आले.

कृती
पालकाची पाने ॲसिटोनमध्ये खलतात. खलताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालतात. अन्यथा पेशीरसातील आम्लामुळे हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून जाते व अर्क तपकिरी पडतो. अर्काचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर पेन्सिलीच्या रेषेवर देतात (शाईची रेषा द्रावकाबरोबर स्वतःच वर चढते). पट्टीचे टोक पेट्रोलियम ईथर व ॲसिटोन यांच्या ९:१ मिश्रणात बुडवतात. मात्र ठिपका द्रावकाच्या पातळीच्या वर राहावा लागतो. सर्वांत वर नारिंगी-पिवळे कॅरोटीन, त्याखाली पिवळे झँथोफिल, मग निळसर हिरवे हरितद्रव्य-अ व शेवटी पिवळसर हिरवे हरितद्रव्य-ब दिसते. द्रावक १२ सेंमी व हरितद्रव्य-ब ५.४ सेंमी चढले असल्यास त्याचे सापेक्ष अंतर ०.४५ येते. ही द्रावके ज्वलनशील असल्याने जवळ ज्योत नसावी.

लाल्या व रंगद्रव्यांचे मापन
बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर परिसरासह विदर्भाच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाटीची पाने लाल पडण्याच्या विकृतीस ‘लाल्या’ म्हणतात. तो रोगजंतूंमुळे होत नाही. नत्र व मॅग्नेशियमची कमतरता, ओलाव्याचा ताण, साचलेले पाणी आणि रात्रीचे कमी तापमान ही त्याची प्रमुख कारणे आहेत. तुडतुड्यांच्या प्रादुर्भावानेही पाने लाल होतात. म्हणून कारण न ओळखता केलेल्या फवारणीचा खर्च वाया जाऊ शकतो.

लाल पानात हरितद्रव्य घटते व अँथोसायनिन साठते. वरील कागदी पद्धतीने हा लाल रंग वेगळा होत नाही, कारण अँथोसायनिन पाण्यात विरघळणारे असल्याने मूळ ठिपक्यापाशीच राहते. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये अर्क काढून वर्णपटप्रकाशमापकावर ५३० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजतात. हरितद्रव्यासाठी आर्नन यांच्या १९४९ च्या पद्धतीनुसार ८० टक्के ॲसिटोनमधील अर्काचे ६४५ व ६६३ नॅनोमीटरवर मापन करतात. या आकड्यांवरून पानातील बदल किती झाला ते कळते, त्याचे कारण मात्र कळत नाही. त्यासाठी माती व पानांतील अन्नद्रव्यांची तपासणी आणि पानांखाली तुडतुडे आहेत का याची पाहणी करावी लागते.