ऊस, खाडा आणि परदेशाचा कागद



गेल्या सोमवारी आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. तेवढ्यात एक जण म्हणाली, "ताई, मला ६०,००० कर्ज पाहिजे." कशाला, तर दुबईला जायला. घरकामाची नोकरी आहे, एजंट ओळखीचा आहे. तिचं वय २७, शिक्षण आठवी. "आधी फिरायच्या व्हिसावर जायचं, तिथं पोचल्यावर कामाचा कागद होतो," असं एजंटनं तिला सांगितलंय.

गटात लगेच दोन बाजू पडल्या. कुणी म्हणालं, जाऊ दे, हिंमत करतेय. कुणी म्हणालं, बाईमाणसानं एवढ्या लांब जाऊ नये. मला दोन्ही पटलं नाही. पुढच्या सोमवारपर्यंत थांबा म्हणाले आणि त्या आठवड्यात बी.ए.ची इतिहासाची पुस्तकं पुन्हा काढली. कारण परदेशी कामाला जाणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ झाला, आणि त्याची सुरुवात उसापासून झाली.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. येण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती सगळा हंगाम फेडायची. आजारपणानं एक दिवस घरी राहिलं, की खाडा. हे तीन शब्द लक्षात ठेवा: मुकादम, उचल, खाडा.

आता आफ्रिकेच्या पूर्वेला, समुद्रात एक बेट आहे, मॉरिशस. इंग्रजांच्या राज्यात तिथं उसाचे मळे होते आणि मळ्यांत गुलाम राबत. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली तशी मळेवाल्यांना माणसं कमी पडू लागली. मग त्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईस बंदरात उतरले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर गेली. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. त्यात आपली मराठी माणसं होती, रत्नागिरीकडची जास्त. त्यांचे वंशज आज तिथं मराठी शिकतात, झाकरी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

या मजुरांशी करार व्हायचा. ॲग्रीमेंट या शब्दाचं लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. (आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, आणि विजापूरकडे चुरमुऱ्यांचं खाणं. शब्द कुठं कुठं फिरतो बघा.) करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना ५ रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडे. निघताना काही महिन्यांचा पगार आगाऊ, म्हणजे उचलच. गावोगाव माणसं गोळा करणाऱ्याला उत्तरेत 'आरकाटी' म्हणत. आपण मुकादम म्हणू. आणि खाडा? तो तर आपल्याकडच्यापेक्षा कडक. कामावर एक दिवस आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचे.

करार इंग्रजांच्या कचेरीतला. ज्याच्या अंगठ्यावर तो चाले, त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नसे. तक्रारी इतक्या झाल्या, की सरकारला १८३९ मध्ये ही भरती थांबवावी लागली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मजुरांचं रक्षण करायला 'प्रोटेक्टर' नावाचा अधिकारी नेमला. हा शब्दही लक्षात ठेवा.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. पाच वर्षं संपली की माणूस मोकळा व्हायला हवा. कुणी भाजी पिकवी, कुणी फेरीवर माल विकी, कुणी दूध घाली. आपण आज ज्याला स्वतःचा धंदा म्हणतो, तोच. पण मळेवाल्यांना ते नको होतं. माणूस धंद्याला लागला तर ऊस कोण तोडणार? म्हणून १८६७ मध्ये कायदा झाला. जुन्या मजुरानं आपला फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ ठेवायचा. पासाशिवाय आपला भाग सोडून दुसरीकडे सापडला, तर अटक. तिकीट हरवलं, तर दुसऱ्यासाठी जबर पैसे. परतीचं फुकट भाडं तर त्याआधीच बंद झालेलं. म्हणजे ज्या कागदानं माणसाला त्या देशात आणलं, त्याच कागदानं त्याला मळ्याला बांधून ठेवलं. पुन्हा मळ्यात करार करणं हीच सुटका उरली.

१८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी मिळून अर्ज केला. तो लिहायला मदत केली आडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानं. बाकीचे मळेवाले त्याच्यावर इतके चिडले, की त्याला बेटाबाहेर घालवा म्हणून त्यांनी सरकारकडे मागणी केली. पण अर्ज वाया गेला नाही. १८७२ मध्ये विलायतेतून चौकशी आयोग आला आणि १८७५ च्या अहवालात मजुरांच्या पुष्कळ तक्रारी खऱ्या निघाल्या. साडेनऊ हजारांच्या आसपास सह्या आणि अंगठे, त्या काळात, मोबाईल नसताना! आपल्याला दहा जणींचा ठराव करायला तीन बैठका लागतात.

बायकांचं काय, हे तुमच्या मनात आलं असेल. मॉरिशसला जहाजांत बायका सुरुवातीला फार कमी होत्या. फिजी बेटांवर बायका स्वतःच्या नावानं करारावर होत्या. तिथं १९१२ मध्ये कुंती नावाची मजूर बाई मुकादमाच्या तावडीतून सुटायला नदीत उडी मारून वाचली. तिची हकीगत १९१३ मध्ये 'भारतमित्र' या हिंदी पत्रात छापून आली आणि देशभर संताप उसळला. त्याच सुमाराला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात भांडत होते. ४ मार्च १९१२ ला त्यांनी ही पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. सरकारी सभासदांचं बहुमत होतं, ठराव पडला. गोखले १९१५ मध्ये गेले, ते शेवट बघू शकले नाहीत. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० ला फिजीतल्या मजुरांचे उरलेले करार रद्द झाले.

इथं मला वाटलं होतं, गोष्ट संपली. पण आजचा कायदा उघडला आणि तोच शब्द भेटला. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी जो अधिकारी आहे, त्याचं नाव आजही 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'. त्याचं कार्यालय मुंबईत आहे. ज्याचं शिक्षण दहावीपेक्षा कमी, त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. आखातातल्या देशांसह काही ठरावीक देशांत कामाला जायचं, तर अशा माणसाला या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीसाठी कामाचा करार दाखवावा लागतो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो (दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये). एजंटकडे सरकारी नोंदणी क्रमांक हवा, आणि त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या मैत्रिणीकडे ६०,००० मागितले होते.

ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालच्या बाईला या देशांत कामाची मंजुरी मिळतच नाही. म्हणून तर एजंट फिरायचा व्हिसा सांगतो. मला हा नियम पूर्ण पटत नाही. बाईचं रक्षण करायचं म्हणून तिची वाटच बंद केली, की ती आडवाटेनं जाते, आणि आडवाटेवर कुणाचंच रक्षण नसतं. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा. मालकानं पासपोर्ट काढून घेतला, पगार दिला नाही, तरी पोलिसांकडे जायची सोय उरत नाही, कारण गुन्हेगार तीच ठरते.

सरळ व्हिसा असला तरी एक गोष्ट विचारायलाच हवी. आखातात व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. त्याला 'कफाला' म्हणतात. मालक बदलायचा, तर बऱ्याच ठिकाणी त्याचीच परवानगी. कतारनं २०२० मध्ये ही अट काढली. बाकी देशांत थोडी-थोडी ढिली होतेय.

हे मी फक्त पुस्तकातून सांगत नाही. माझ्या नणंदेचा मुलगा ड्रायव्हर म्हणून गेला होता. माझ्याच शब्दावर गटानं ४०,००० दिले. तिथं उतरल्यावर पासपोर्ट गेला मालकाकडे, आणि गाडीऐवजी हातात आल्या शेळ्या, वाळवंटात. कराराची प्रत त्याच्याकडे नव्हती. मी कर्जाच्या अर्जावर सही करताना ती बघायला मागितली नव्हती. चौदा महिन्यांनी तो परत आला, आणि नणंदेनं इथल्या शेळ्या विकून हप्ते फेडले.

म्हणून यावेळी मी मैत्रिणीला एजंटकडे तीन गोष्टी मागायला सांगितल्या: नोंदणी क्रमांक, कामाचा करार, पैशाची पावती. शनिवारी तिचा फोन आला. एजंट म्हणाला, "एवढं विचारणाऱ्या बायकांना तिकडं कोण ठेवत नाही." मी म्हटलं, मग झालं तर. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, ते सगळं खरं. पण इथं दिवसभर खुरपून काय हातात पडतं, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत आहे. उद्या सोमवार. तिनं बैठकीला सासूला पण आणते म्हटलंय, आणि शिलाईच्या मशीनचा भाव विचारून ठेवलाय. ६०,००० चा अर्ज अजून वहीत आहे. कुणी तो खोडलेला नाही.