ठिणगीचं कूळ

नाशिकचं मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, चौकाच्या तोंडी जुनं नाव राहिलं. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीशी नातं असलेली ही कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली. देशभरातल्या जुन्या स्कूटरवाल्यांना मायको म्हटलं की आधी स्पार्क प्लग आठवतो. नाशिकच्या सातपूरचा १९६९ चा कारखाना मात्र नावाजला तो डिझेलच्या नोझलसाठी, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. तिथे सिलिंडरमधली हवाच इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या उष्ण हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. मळ्यातलं किर्लोस्कर ऑइल इंजिन वर्षानुवर्षं पाणी उपसत राहिलं ते प्लगशिवायच.

पेट्रोलचा स्वभाव वेगळा. ते नुसत्या दाबाने आपोआप पेटलं तर इंजिन ठोके मारू लागतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. त्याला ठरल्या क्षणी, ठरल्या जागी एक ठिणगी द्यावी लागते. ती देणारा प्लग बोटभर लांबीचा, पण मोटारीच्या मालकाला साध्या पान्याने बाहेर काढता येईल आणि इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते सांगेल असा भाग हा एवढाच. आज एखादा स्पोर्ट्स कारवाला रविवारी सकाळी बॉनेट उघडून स्वतः प्लग बदलायला बसतो. त्याच्या हातातल्या कामाचं कूळ शोधायला लागलं की दीडशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत पुणं, सातारा, कोडर्मा, नागोया अशी न जुळणारी गावं लागतात.

मूळ पुरुष एत्येन लन्वार. आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या या माणसाने १८६० मध्ये पॅरिसमध्ये कोळशाच्या गॅसवर चालणारं इंजिन केलं आणि गॅस पेटवायला विजेची ठिणगी वापरली. चिनी मातीच्या आवरणातून गेलेली तार, तिच्यासमोर धातूचं टोक, मध्ये फट. कल्पनेच्या पातळीवर आजचा प्लगही एवढाच आहे. पण कल्पना सुचल्यावर ती रस्त्यावर टिकायला चाळीस वर्षं गेली. १८८६ मध्ये कार्ल बेंझने आपली तीनचाकी मोटार विजेच्या ठिणगीवर चालवली खरी, पण प्रज्वलन ही त्याच्यासाठी सगळ्यात अवघड अडचण राहिली. गॉटलीब डाइमलर तर बराच काळ बर्नरने लाल तापवलेल्या नळीवरच विसंबून होता. पेट्रोलच्या शेजारी सतत पेटती ज्योत घेऊन ती माणसं रस्त्याने फिरत होती, हे आज वाचतानाही अंगावर येतं.

त्याच १८८६ साली रॉबर्ट बॉशने श्टुटगार्टमध्ये छोटी कार्यशाळा काढली. तिथल्या गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग असा संच बसवून दिला. इंजिन स्वतःच्याच फिरण्यातून वीज निर्माण करील, ती हजारो व्होल्टपर्यंत चढेल आणि फटीतून उडी मारेल. आता इंजिन हव्या त्या वेगाने फिरवता येऊ लागलं. वेगवान मोटार म्हणून आपण जे ओळखतो ते या संचानंतरचं आहे.

यापुढचा इतिहास विजेपेक्षा मातीचा जास्त आहे, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. प्लगचं पांढरं अंग हे भांड्यासारखं भाजलेलं असतं. त्याने दोन हजार अंशांवर गेलेल्या ज्वाळेचा ताप सोसायचा, पुढच्या क्षणी आत येणाऱ्या थंड मिश्रणाचा गारवा सोसायचा आणि हजारो व्होल्टची वीज बाजूला निसटू द्यायची नाही. चार फटक्यांचं (फोर-स्ट्रोक) इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारत असेल तर प्रत्येक प्लगवर हा प्रसंग सेकंदाला पन्नास वेळा येतो. साधी चिनी माती तडकायची. मग शर्यतीच्या गाड्यांसाठी आणि विमानांसाठी अभ्रकाचे प्लग आले. केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूने इंग्लंडमध्ये के.एल.जी. नावाने ते विकले. त्या काळी जगाला पत्र्यासारखा सोलणारा उत्तम अभ्रक पुरवणाऱ्यांत हिंदुस्थान आघाडीवर होता. कोडर्मा-हजारीबागच्या आणि नेल्लोरच्या खाणींतून तो निघायचा, आणि मजुरांनी हाताने सोललेले त्याचे पापुद्रे बोटीने युरोपात जायचे. मोटारींच्या इतिहासात शर्यतपटूंची नावं आहेत, सोलणाऱ्यांची नाहीत.

१९३० च्या दशकात ॲल्युमिनाने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या भाजलेल्या भुकटीने, अभ्रकाला बाजूला सारलं आणि आजही प्लगचं पांढरं अंग त्याचंच आहे. याच सुमाराला जपानमध्ये एक फांदी फुटली. नोरिताके हे नाव चहाच्या नाजूक कपबश्यांसाठी जगभर ओळखीचं. त्या घराण्यातून १९१९ मध्ये विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तयार करणारी एनजीके ही कंपनी वेगळी झाली आणि तिच्यातून १९३६ मध्ये नागोयात स्पार्क प्लगची कंपनी. कपबशी, इन्सुलेटर, प्लग अशा तीन पिढ्या, आणि तिन्हींचं मूळ कौशल्य माती न तडकू देता भाजण्याचं.

आपल्याकडे हे कूळ घरोघर पोचवलं ते स्कूटरने. पुण्याच्या बजाजने १९६० च्या दशकात इटलीच्या परवान्यावर व्हेस्पा काढली, १९७२ मध्ये स्वतःची चेतक आणली. साताऱ्याहून महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आली, पुण्याच्या कायनेटिकची लूना आली. ही सगळी दोन फटक्यांची इंजिनं. त्यांत इंजिनाला वेगळं तेल नसे. पेट्रोल पंपावर लिटरमागे वीसेक मिली टू-टी ऑइल मिसळून घ्यायचं आणि तेच आत जळायचं. शिवाय चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते, इथे प्रत्येक फेरीला. तेल आणि दुप्पट ठिणग्या यांचा सगळा भार एकाच प्लगवर. त्यामुळे प्लगवर काजळी धरायची, कधी दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा कण अडकून प्लग शॉर्ट व्हायचा आणि गाडी भर रस्त्यात थांबायची.

म्हणून हे ज्ञान सार्वत्रिक झालं. चेतकच्या उजव्या बाजूचा पत्रा काढायचा, टोपी ओढायची, प्लग पान्याच्या नळीत टॉमी घालून प्लग सैल करायचा. पॉलिश पेपरने टोकं घासायची, फुंकर मारायची. मग टोपी लावून प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या हेडला टेकवायचं आणि किक मारायची. टपोरी निळी ठिणगी दिसली तर करंट ठीक, पिवळट मरतुकडी दिसली तर नवा प्लग. डिकीत जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक जादा प्लग असायचाच. शाळामास्तर, पोस्टमन, एलआयसीचा एजंट, लूनावरून रुग्णालय गाठणारी परिचारिका यांतलं कुणीही मेकॅनिक नव्हतं, पण हे काम त्यांना येत होतं. मिस्त्रीकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे ते बोटांनी गेलं. त्याचं पुस्तक नव्हतं. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला यंत्राची भीती वाटेनाशी झाली यात या एका कामाचा वाटा मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

कसाऱ्याचा घाट दोघं बसून चढताना प्लग पांढरा पडायचा आणि निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे पेट्रोलने ओला होऊन बसायचा. त्याच निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात फवारणीचा पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा पंप अजून दोन फटक्यांचा सापडतो, आणि तो सुरू होईना म्हणून द्राक्षाच्या ओळीत बसून प्लग घासणारा शेतकरीही.

ओला प्लग आणि पांढरा प्लग यांतून जी गोष्ट शिकायची ती प्लगच्या तापमानाची. प्लगचं आतलं टोक साडेचारशे अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते साडेआठशेच्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्याच्यावरच पेटतं, आणि पिस्टन धोक्यात येतो. या दोन आकड्यांमध्ये राहण्यासाठी प्रत्येक इंजिनाला वेगळ्या उष्णतेचा प्लग लागतो. ताप लवकर हेडला देऊन टाकतो तो थंड प्लग, धरून ठेवतो तो गरम. इथे एक सापळा आहे. एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशच्या आजच्या क्रमांकात आकडा वाढला की गरम होतो. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा तोच आकडा मागणं म्हणजे नेमका उलटा प्लग घरी आणणं.

एका सिलिंडरला एकच प्लग असावा असाही नियम नाही. विमानाच्या इंजिनात सुरक्षिततेसाठी दोन असत. १९८९ मध्ये पोर्शने ९११ च्या ९६४ या पिढीत सहा सिलिंडरना बारा प्लग दिले. आणि २००३ मध्ये बजाजने पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं: एक सिलिंडर, दोन प्लग. दोन बाजूंनी पेटलेलं मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं, म्हणून छोट्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. त्या दोन प्लगांवरून बजाज आणि चेन्नईची टीव्हीएस कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि २००९ मध्ये न्यायालयाने असे पेटंटचे दावे रोजच्या रोज ऐकून सहसा चार महिन्यांत निकाली काढावेत असं सांगितलं. पुढे २०१२ च्या पल्सर २००एनएसमध्ये तर एका सिलिंडरला तीन प्लग आले. महाराष्ट्रातल्या कॉलेजकुमाराच्या दुचाकीत सिलिंडरमागे बहुतेक शर्यतीच्या मोटारींपेक्षा जास्त प्लग होते, ही आपल्या कारखानदारीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

स्पोर्ट्स कारचं कौतुक नाशिकला नवं नाही. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी इथल्या मातीच्या रस्त्यांवर झालेली आहे, आणि दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीने २०१२ मध्ये सीटमागे इंजिन असलेली देशी स्पोर्ट्स कार दाखवल्यावर इथेही डोळे विस्फारले होते. अशा गाडीत प्लग दिसतच नाहीत. वर प्लास्टिकचं झाकण, त्याखाली प्रत्येक प्लगच्या डोक्यावर बसलेली स्वतंत्र कॉइल, आणि त्याखाली खोल विहिरीत प्लग. ९११ सारख्या आडव्या सिलिंडरच्या गाडीत ते बाजूला, चाकांच्या आतल्या अंगाला असतात, आणि काही पिढ्यांत मागचं चाक काढल्याशिवाय हात पोचत नाही. प्लगच्या टोकाला इरिडियम असतं, त्याची जाडी कधी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ते लाखभर किलोमीटर चालू शकतात. म्हणून सवय सुटली आणि पाना गंजला. पण काम तेच आहे, स्कूटरवाल्याच्या हाताला ते कळेल.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना प्लग काढला तर आटेच त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतात. कॉइल काढली की विहिरीत आधी हवेचा झोत मारायचा, नाहीतर तिथला खडा थेट सिलिंडरमध्ये जातो. नवा प्लग पाना न लावता निव्वळ बोटांनी पहिले काही वेढे फिरवायचा. बोटांना अडलं तर आटा चुकला आहे, उलट फिरवून पुन्हा सुरुवात करायची. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण २५ न्यूटन-मीटर, १२ च्या प्लगला १५ ते २०, आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. आवळणं कमी पडलं तर प्लगचा ताप हेडला पोचत नाही, जास्त झालं तर आटे जातात. इरिडियमच्या टोकावर पॉलिश पेपर चालवायचा नाही आणि फट ठोकून जुळवायची नाही, ते टोक मोडतं. टर्बोची ताकद वाढवून घेतलेल्या गाडीला बहुधा एक पायरी थंड प्लग आणि थोडी कमी फट लागते, कारण दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात.

आणि काढलेले प्लग फेकायच्या आधी सिलिंडरच्या क्रमाने एका ओळीत मांडायचे. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओलं काळं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येतंय. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे ताप वाढलाय. सगळेच एकसारखे काळे असतील तर दोष पेट्रोल किंवा हवेच्या सामाईक वाटेत शोधायचा. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. तो क्रमांक आणि त्या ओळीचा फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलं की मिस्त्री पहिला पाना कुठे लावायचा ते तिथेच ठरवू शकतो.