गोळ्या एकदम थांबतात, औषधं एकदम संपत नाहीत

न्हावा शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याच वर्षी ब्रेंडन लार्डर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. झिडोवुडिन सहा महिने किंवा जास्त काळ घेतलेल्या रुग्णांमधल्या एचआयव्हीवर ते औषध पूर्वीसारखं चालत नव्हतं. हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध, १९८७ मध्ये मंजूर झालेलं. दोनच वर्षांत औषधरोध समोर आला होता.

असं का होतं? एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणाऱ्या विकराला चुका दुरुस्त करता येत नाहीत, आणि उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू तयार होतात. त्यामुळे एखाददुसरं अक्षर बदललेले विषाणू औषध येण्याआधीच हजर असतात. औषध त्यांना घडवत नाही. बाकीचे मारून त्यांना रान मोकळं करून देतं.

१९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. एकाच विषाणूत तिन्ही औषधांना पुरून उरणारे बदल आधीच असणं फार अवघड, हा त्यामागचा हिशोब. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं असं त्रिकूट वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. तेव्हा पाश्चात्त्य देशांत खर्च दहा हजारांच्या घरात होता. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत उपचार सुरू झाले. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

स्टॅव्हुडिन, लॅमिवुडिन, नेव्हिरापिन हे त्या काळातलं नेहमीचं त्रिकूट. गोम होती नेव्हिरापिनमध्ये. ते रक्तातून फार सावकाश उतरतं, बाकीची दोन आधी संपतात. समजा, न्हावा शेव्याहून ट्रेलर घेऊन निघालेल्या ड्रायव्हरच्या गोळ्या वाटेतच संपल्या. परतीचा माल मिळेना, गेटवर रांग, केंद्राची तारीख हुकली. तिन्ही गोळ्या एकाच दिवशी थांबल्या, पण पुढचे काही दिवस शरीरात उरलं एकटं नेव्हिरापिन. म्हणजे पुन्हा १९८९ सारखीच एका औषधाची अवस्था! आणि नेव्हिरापिन निष्प्रभ व्हायला १०३ क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं तरी पुरतं.

हे कळायचंही उशिरा. रक्तातला विषाणूभार आधी वाढतो, सीडी४ पेशी नंतर घटतात. आणि आपल्याकडे बराच काळ मदार सीडी४ वरच होती. दुसऱ्या फळीची औषधं सरकारी कार्यक्रमात जानेवारी २००८ मध्ये आली, तीही आधी फक्त जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरममध्ये. विषाणूभाराची नियमित तपासणी देशभर सुरू व्हायला २०१८ उजाडलं.

आता पहिल्या फळीत डोल्युटेग्रॅव्हिर आहे. त्याला चकवणं विषाणूला बरंच अवघड जातं, अशक्य मात्र नाही.

या इतिहासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ट्रकचालकांकडे एड्स नियंत्रण कार्यक्रमानं प्रामुख्यानं संसर्ग पुढे नेणारा दुवा म्हणून पाहिलं. कंडोम, तपासणी, प्रबोधन हे सगळं गरजेचंच होतं. पण तोच माणूस रोज गोळी घ्यावी लागणारा रुग्णही असतो. तारीख चुकली की आपण त्याला ‘बेफिकीर’ म्हणतो. गेटची रांग कुणी मोजत नाही. जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात देणं, वाटेतल्या केंद्रावर त्या मिळणं, हे वरवर कारकुनी वाटतं. औषधरोध रोखण्याचं निम्मं काम तिथंच होतं.