घरासाठी लिहिलेला इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा आणि सरकारी दप्तरे यांची नावे घेतो. ती बरोबरच आहेत. पण एक साधन आपण या यादीत सहसा घालत नाही, आणि ते तर आपल्या माजघरातच बसलेले असते. घरातील वडील माणसाची आठवण हे ते साधन होय. सर्व साधनांत हे अत्यंत नाशवंत. ताम्रपट शेकडो वर्षे जमिनीत पडून राहिला तरी एखाद्या दिवशी नांगराच्या फाळाला लागतो. आठवण मात्र माणसाबरोबर एका रात्रीत जाते. म्हणून ती कागदावर कोणासाठी उतरवावी, कशी उतरवावी आणि उतरवताना काय सांभाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको. पेण आणि रोहे या आपल्या दोन तालुक्यांनीच या बाबतीत तीन निरनिराळे धडे घालून ठेवले आहेत.

पहिला धडा पेण तालुक्यातील वरसई गावचा. या गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. अशात उत्तरेकडून वार्ता आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा विपुल मिळणार आहे. तेव्हा आपल्या काकांना बरोबर घेऊन विष्णुभट १८५७ साली घराबाहेर पडले. निघाले दक्षिणेसाठी, आणि सापडले बंडाच्या वणव्यात. महूच्या बाजूस पोहोचले तो पलटणी बिथरल्याची बातमी कानावर आली. तरी परत न फिरता ते पुढेच गेले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा हे वरसईकर काका-पुतणे शहरातच होते. तोफांचा मारा, पाण्याचे हाल, त्यानंतरची कत्तल आणि लूट, जळालेला पुस्तकसंग्रह, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी खुद्द राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटली. मिळविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. अखेर काशीयात्रा करून, गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, भटजी वरसईस परतले. कर्ज फेडायला गेलेला मुलगा द्रव्याऐवजी आईबापांसाठी गंगाजल घेऊन आला.

ही हकीकत पुढे कित्येक वर्षे केवळ तोंडी सांगण्याची गोष्ट होती. भटजी ज्या वैद्य घराण्याचे उपाध्ये होते, त्या घरातील तरुण विद्वान चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह धरला, तेव्हा १८८३ च्या सुमारास भटजींनी ती मोडीत लिहून काढली. लिहिली ती आपल्या यजमानाकरिता. आपल्या हयातीत ती छापू नये, अशी त्यांची इच्छा होती. राज्य इंग्रजांचे होते आणि बंडाचे नाव काढणेही धोक्याचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सावधगिरी सहज समजते. भटजींच्या पश्चात १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने पुस्तक प्रसिद्ध केले.

येथेच आपल्या विषयातील खरी अडचण उभी राहते. वैद्यांनी पुस्तक छापले ते जसेच्या तसे छापले नाही. भटजींची भाषा त्यांनी सफाईदार केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी फेरफार केले. यात त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या आग्रहावाचून ही हकीकत लिहिलीच गेली नसती, आणि त्या काळात छापणाऱ्यालाही आपली मान सांभाळावी लागे. पण परिणाम असा झाला की, जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने गोडसे भटजींना वैद्यांच्या तोंडून ऐकले. सुदैवाची गोष्ट ही की, वैद्यांनी मूळ मोडी हस्तलिखित टाकून दिले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी त्यावरून अस्सल पाठ प्रसिद्ध केला. तेव्हा भटजींची खरी बोली, त्यांचा भाबडेपणा, त्यांची चौकस नजर वाचकांना प्रथम भेटली. संपादकाने हात फिरविला तरी मूळ कागद राहिला, म्हणून ही चूक दुरुस्त होऊ शकली. मूळ कागदच फाडला असता तर पोतदारांसारखा पंडितही काही करू शकला नसता.

भटजींनी लिहिले ते सारे खरे काय, असाही प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारला पाहिजे. घटना घडल्यानंतर पंचवीस वर्षांनी त्यांनी लेखणी धरली. बंड का झाले हे सांगताना त्यांनी बाजारात ऐकलेल्या कंड्याही खऱ्या म्हणून दिल्या आहेत, आणि इतिहासकार त्या मान्य करीत नाहीत. परंतु झाशीत पाणी कसे मिळेना, लूट करणारे घरात कसे शिरले, माणसे कोठे दडली, हे सांगताना ते स्वतः साक्षीदार आहेत. एकाच माणसाच्या एकाच वहीत ऐकीव आणि देखीव असे दोन भाग असतात. दोघांची किंमत वेगळी असते. ऐकीव भागही अगदीच टाकाऊ नसतो. त्या काळी लोक काय मानत होते याचा तो पुरावा असतो. फक्त कोणते देखीव आणि कोणते ऐकीव, हे लिहिणाऱ्याने सांगितले पाहिजे.

दुसरा धडाही पेण तालुक्यातीलच, गागोद्याचा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जगाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. इतके लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या या पुरुषाने आत्मचरित्र मात्र लिहिले नाही. ‘मी’ या शब्दाचे त्यांना अगत्य नव्हते. तरीही आज आपल्याला त्यांचे आजोबा, त्यांची आई, गागोद्याचे घर यांची माहिती आहे, ती कशी? त्यांनी प्रवचनांतून आणि बोलण्यातून प्रसंगाप्रसंगाने जे सांगितले, ते जवळच्या माणसांनी टिपून ठेवले, आणि पुढे कालिंदीताईंनी ते वेचून त्यातून सलग आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांची ‘गीता प्रवचने’ही अशीच आपल्या हाती आली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही जोडी जमली म्हणजे लेखणी न धरणाऱ्या माणसाचेही शब्द टिकतात. आपल्या घरांतील कित्येक वडील मंडळी ‘माझ्यात लिहिण्यासारखे काय आहे?’ असे म्हणून हात झटकतात. त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. त्यांना लिहायला बसवू नये. बोलते करावे आणि आपण लिहावे.

तिसरा धडा रोह्याचा. चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी जन्मले, पण घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे १९५० पासून भारताचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ते पद सोडणारे बाणेदार गृहस्थ, ही त्यांची ओळख सर्वांना आहे. १९७४ साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. वाचक म्हणून त्यांच्यापुढे सारा देश होता, तेव्हा इंग्रजीची निवड स्वाभाविकच म्हटली पाहिजे. पण पुढे १९८० साली त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांचेही ‘चिंतामण आणि मी’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक इंग्रजीत निघाले. एकाच संसाराचे दोन साक्षीदार झाले. इतिहासात अशी जोडी दुर्मिळ असते. आजोबांची हकीकत लिहून झाली म्हणजे घराचे काम संपले असे आपण समजतो; आजीला विचारायचे राहूनच जाते. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या नसत्या, तर न्यायमूर्तींच्या घरातील माजघराची बाजू आपल्याला कधी कळलीच नसती.

आता थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वर सांगितलेली तिन्ही माणसे अक्षरे जाणणाऱ्या घरांतील होती. पण पेण-रोह्याचा इतिहास एवढ्यावर पुरा होत नाही. खारबंदिस्तीचे बांध घालणारे आणि मिठागरात पाय फुटेपर्यंत राबणारे आगरी, पेणच्या गणेशमूर्तींची माती मळणारे हात, कोळसा पाडण्यासाठी आणि वीटभट्टीसाठी दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणारे कातकरी, यांच्या आठवणी कोणत्या वहीत आहेत? सरकारी कागदात ही माणसे देणेकरी म्हणून, कूळ म्हणून, कधी आरोपी म्हणून भेटतात. ती स्वतःच्या तोंडाने बोलताना भेटत नाहीत. त्यांच्या घरांतून आज शिकलेली मुले आहेत. आजीचे बोलणे तिच्याच बोलीत उतरविण्याचे काम त्यांनी केले नाही, तर दुसरे कोणी ते करणार नाही. ती बोली शुद्ध करण्याच्या नादी मात्र लागू नये. वैद्यांनी केले ते आपण पुन्हा करण्याचे कारण नाही.

या लेखनात आणखी एक कसोटी आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन घ्या. त्या दिवशी कूळकायद्याने कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. एका घरात त्या दिवसाची आठवण जमीन आली म्हणून सांगतात. शेजारच्या घरात तीच आठवण जमीन गेली म्हणून सांगतात. दोन्ही घरांतील माणसे खोटे बोलत नाहीत. पण आपापल्या वहीत प्रत्येक घर फक्त आपली बाजू लिहील आणि पूर्वी खंड कसा वसूल होई, कोणाला दाराशी किती वेळ उभे केले जाई, हे गाळील, तर त्या वहीचा उपयोग घराच्या मिरवणुकीपुरता राहील. कुटुंबासाठी लिहिताना सर्वांत मोठा मोह हाच असतो. कर्ज, भाऊबंदकी, परित्यक्ता मुलगी, विधवा आत्या यांच्यावर पांघरूण घालावेसे वाटते. गोडसे भटजींनी आपले कर्ज आणि आपली भीती लपविली नाही, म्हणून त्यांचे झाशीचे वर्णनही आपण खरे मानतो. जिवंत माणसाला दुखवील असा मजकूर असेल तर भटजींचाच मार्ग धरावा. वही बंद करून ठेवावी आणि केव्हा उघडावी ते लिहून ठेवावे. गाळण्यापेक्षा थांबणे बरे.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे, ते थोडक्यात सांगतो. म्हाताऱ्या माणसाला सन विचारला तर आठवत नाही. मोठ्या घटनेचा आधार दिला तर आठवते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे येणारी रामदास बोट बुडाली, त्या वेळी तुम्ही कोणत्या इयत्तेत होता? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाळण्यात कोण होते? १९८९ च्या जुलैतील महापुरात घरात पाणी कोठवर आले? कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, ते घराचा खरेदीखताचा कागद होण्यापूर्वी की नंतर? अशा खुंट्या ठोकल्या म्हणजे आठवणी त्यांवर आपोआप टांगल्या जातात. मग घरातील कागद काढावेत: सातबाराचे उतारे, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, जुनी पत्रे. मोडी कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नये; जाणकाराला दाखवावा. आठवण आणि कागद यांत फरक पडला तर दोन्ही लिहावे, एकाने दुसऱ्याला पुसू नये. आज घरोघरी मोबाइल आहेत, आवाज सहज साठविता येतो. तरी तो ऐकून वहीत उतरविण्याचे कष्ट टाळू नयेत, कारण यंत्र बदलते आणि जुने ध्वनिमुद्रण उघडेनासे होते. एक प्रत घरी आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.

वरसईच्या भटजींना आपण इतिहास लिहीत आहो असे वाटले नव्हते. यजमानाने विचारले, म्हणून त्यांनी सांगितले. १८५७ चा वणवा एका मराठी माणसाने कसा पाहिला, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते तेवढ्यामुळे. कोणीतरी विचारले, ही त्यातील मुख्य गोष्ट आहे. सांगणारे आपल्या घरांत अजून आहेत. विचारणाऱ्यांनी उशीर करू नये.